मुंबई हायचा कर : ताळेबंदात किती, तिजोरीत किती?

पुणे, विशेष प्रतिनिधी

ऊर्जेची किंमत कोण मोजतो आणि लाभ कोणाच्या पदरात पडतो, हा प्रश्न मुळशी तालुक्याला नवा नाही. मुंबईला वीज मिळावी म्हणून टाटांनी येथे धरणाचे काम हाती घेतले, तेव्हा १९२१ मध्ये सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली येथील शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला होता. त्याला आता शंभर वर्षे उलटून गेली आहेत. तालुक्याच्या पूर्व टोकाच्या हिंजवडीत माहिती तंत्रज्ञान कंपन्यांच्या इमारती उभ्या राहिल्या, त्यांच्या भोवती गृहसंकुले आली आणि या संकुलांच्या स्वयंपाकघरांत नैसर्गिक वायू नळाने येऊ लागला. पुणे, पिंपरी-चिंचवड आणि लगतच्या हिंजवडी, चाकण, तळेगाव या पट्ट्यात हा वायू पुरवणारी महाराष्ट्र नॅचरल गॅस लिमिटेड ही कंपनी गेल आणि भारत पेट्रोलियम यांच्या पुढाकाराने २००६ मध्ये स्थापन झाली.

या वायूवर ग्राहक राज्य सरकारला मूल्यवर्धित कर देतो. महाराष्ट्राने १ एप्रिल २०२२ पासून हा कर साडेतेरा टक्क्यांवरून तीन टक्क्यांवर आणला, तेव्हा त्याची भरपूर चर्चा झाली. मात्र ज्या कंपन्या हे तेल आणि हा वायू समुद्राखालून काढतात, त्यांच्या नफ्यावरील प्राप्तिकराची चर्चा शेअर बाजाराच्या पानापलीकडे सहसा जात नाही. तो कर किती, यापेक्षा तो केव्हा भरला जातो, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. महाराष्ट्राच्या दृष्टीने तर तो अधिकच महत्त्वाचा ठरतो. कारण मुंबई हायच्या उत्पन्नातून राज्याच्या तिजोरीत जे काही येते, त्याची प्रमुख वाट या करातूनच जाते.

दोन तिमाहींची गोष्ट

ओएनजीसी अर्थात तेल व नैसर्गिक वायू महामंडळाचे दोन तिमाही निकाल शेजारी ठेवले, तर या विषयाचे मर्म चटकन ध्यानात येते. नोव्हेंबर २०२१ मध्ये जाहीर झालेल्या जुलै-सप्टेंबर तिमाहीच्या निकालात महामंडळाने १८ हजार ३४७ कोटी रुपयांचा निव्वळ नफा दाखवला. आदल्या वर्षी याच तिमाहीत तो अवघा २ हजार ७५८ कोटी होता. तेलाचे दर वाढले होते, हे खरेच; कंपनीला कच्च्या तेलासाठी पिंपामागे ६९ डॉलरच्या आसपास भाव मिळाला. परंतु नफ्यातील सुमारे साडेआठ हजार कोटी रुपयांचा भाग तेलातून आलेलाच नव्हता. कंपनीने प्राप्तिकराचा कमी दर स्वीकारल्यामुळे तिच्या पुस्तकांतील जुने कर दायित्व घटले आणि ती घट नफा म्हणून नोंदली गेली.

दुसरा निकाल मे २०२३ मधला. जानेवारी-मार्च २०२३ या तिमाहीत तेलाला पिंपामागे ७७ डॉलरच्या आसपास, म्हणजे आधीच्या उदाहरणापेक्षा अधिक भाव मिळाला. तरीही महामंडळाने सुमारे २४८ कोटी रुपयांचा निव्वळ तोटा जाहीर केला. स्वामित्वधनावर सेवाकर आणि वस्तू व सेवा कर लागतो की नाही, या वादापोटी १२ हजार १०० कोटी रुपयांच्या घरात तरतूद करावी लागली, हे त्याचे कारण. म्हणजे भाव कमी असताना विक्रमी नफा झाला आणि भाव जास्त असताना तोटा. दोन्ही वेळा निकाल फिरवला तो करविषयक नोंदींनी.

यात लबाडी नाही. दोन्ही नोंदी लेखामानकांनुसार आणि जाहीर टिपांसह झाल्या होत्या. तथापि केवळ अखेरची ओळ वाचणाऱ्या गुंतवणूकदाराची आणि नागरिकाचीही त्यातून दिशाभूल होऊ शकते. ती टाळायची तर तेल कंपनीचे करविषयक हिशेब कसे चालतात, हे समजून घ्यावे लागते.

एक खर्च, दोन वह्या

प्रत्येक कंपनी एकाच व्यवहाराचा हिशेब दोन प्रकारे करते. एक भागधारकांसाठी, कंपनी कायदा आणि लेखामानकांनुसार. दुसरा प्राप्तिकर खात्यासाठी, प्राप्तिकर कायद्यानुसार. खर्च तोच असतो, पण तो कोणत्या वर्षात धरायचा याचे नियम दोन्हीकडे वेगळे असतात.

हिंजवडीच्या रस्त्याखालच्या वायुवाहिनीचेच उदाहरण घेऊ. समजा, एखाद्या कंपनीने १०० कोटी रुपये खर्चून वाहिनी टाकली. कंपनी कायद्याच्या परिशिष्टात वाहिन्यांचे आयुष्य ३० वर्षे मानले आहे. अखेरचे भंगारमूल्य शून्य धरले, तर भागधारकांच्या वहीत दरवर्षी ३ कोटी ३३ लाख रुपये घसारा पडतो. प्राप्तिकराच्या वहीत मात्र यंत्रसामग्रीवर शिल्लक मूल्याच्या १५ टक्के घसारा मिळतो. म्हणजे पहिल्याच वर्षी १५ कोटी. कर खात्यापुढे त्या वर्षीचा नफा ११ कोटी ६७ लाखांनी कमी दिसतो. कराचा प्रभावी दर २५.१६८ टक्के धरल्यास कंपनीला त्या वर्षी सुमारे २ कोटी ९४ लाख रुपये कमी भरावे लागतात.

हा कर माफ झालेला नाही, फक्त पुढे ढकलला गेला आहे. वर्षे जातात तसा प्राप्तिकराच्या वहीतील घसारा आटत जातो. अकराव्या वर्षापासून तो भागधारकांच्या वहीतील घसाऱ्याहून कमी होतो आणि कर खात्यापुढचा नफा वाढू लागतो. आज वाचलेला कर तेव्हा भरावा लागणार, म्हणून कंपनी आजच त्याची नोंद देणे म्हणून करते. हेच स्थगित कर दायित्व, म्हणजे लेखापालांच्या भाषेतील डिफर्ड टॅक्स. भारतात मोठ्या नोंदणीकृत कंपन्यांना २००१ पासून लेखामानक २२ अन्वये आणि २०१६-१७ पासून इंड एएस १२ अन्वये ते दाखवणे बंधनकारक झाले.

येथे एक मेख आहे. कंपनी वाढत असेल, दरवर्षी नवनवीन वाहिन्या टाकत असेल, तर जुन्या वाहिनीवरील कर भरण्याची वेळ येईपर्यंत नव्या वाहिन्यांवरील सवलत हाती आलेली असते. एकूण दायित्व फिटण्याऐवजी वर्षानुवर्षे फुगत जाते. ते फेडण्याची वेळ कंपनीची वाढ थांबेपर्यंत येतच नाही. सरकारच्या दृष्टीने हे बिनव्याजी कर्ज असते, त्याला परतफेडीची तारीख नसते.

विहिरीचा हिशेब वेगळा

वाहिनीचा खर्च निदान डोळ्यांना दिसतो. तेलविहिरीचे तसे नाही. समुद्रात कोट्यवधी रुपये खर्चून खोदलेली विहीर कोरडी निघू शकते आणि तेल लागले तरी उत्पादन सुरू होईपर्यंत अनेक वर्षे जातात. मुंबई हायचा शोध १९७४ मध्ये लागला आणि १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. इतका वेग सर्वांच्या वाट्याला येत नाही. अशा जोखमीच्या धंद्यात पैसा यावा म्हणून १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात कलम ४२ अन्वये विशेष तरतूद करण्यात आली. केंद्र सरकारशी करार करून तेलशोध घेणाऱ्या कंपनीला शोधकार्य आणि खोदाईचा खर्च, तसेच सोडून दिलेल्या क्षेत्रातील निष्फळ खर्च, कराराच्या अटींनुसार उत्पन्नातून वजा करता येतो. भांडवली खर्च म्हणून तो वर्षानुवर्षे थोडा थोडा वजा करत बसावे लागत नाही. हा जुना कायदा मोडीत काढून १ एप्रिल २०२६ पासून लागू होणारा नवा प्राप्तिकर कायदा संसदेने २०२५ मध्ये संमत केला. तथापि येथे चर्चिलेले सारे व्यवहार जुन्या कायद्याच्या कलमांखाली झालेले आहेत.

भागधारकांच्या वहीत विहिरीची नोंद कशी करावी, याच्या जगात दोन पद्धती रूढ आहेत. पहिलीत केवळ यशस्वी विहिरींचा खर्च मालमत्ता म्हणून धरला जातो आणि कोरड्या विहिरींचा खर्च तत्काळ नफ्यातून वजा होतो. ओएनजीसी ही पद्धत वापरते. दुसरीत यशस्वी आणि कोरड्या अशा सर्व विहिरींचा खर्च एकत्र करून मालमत्तेत धरला जातो आणि जसजसे तेल निघेल तसतसा तो वजा होतो. रिलायन्स इंडस्ट्रीज पूर्वी ही दुसरी पद्धत वापरत असे. नव्या लेखामानकांकडे वळताना २०१६ मध्ये तिने पहिली पद्धत स्वीकारली, तेव्हा तेल-वायू व्यवसायातील मालमत्तेचे मूल्य ३९ हजार कोटींहून अधिक रुपयांनी खाली आणावे लागले. समुद्राखालचा वायू त्या दिवशी कमी झाला नव्हता आणि कर कायद्याने कोणत्या खर्चाला वजावट द्यायची, हेही बदलले नव्हते. बदलली ती केवळ भागधारकांची वही.

तेल कंपन्यांच्या ताळेबंदात स्थगित कराचे आकडे इतके प्रचंड का असतात, याचे उत्तर यात आहे. खर्च मोठा, त्याचे आयुष्य लांब आणि दोन वह्यांतील नियमांचे अंतर रुंद. त्यामुळे कराच्या दरात किंचित बदल झाला, तरी या आकड्यात हजारो कोटींची उलथापालथ होते.

दर घटला, नफा उगवला

तशी उलथापालथ २० सप्टेंबर २०१९ रोजी केंद्र सरकारने काढलेल्या वटहुकुमाने घडवली. देशी कंपन्यांना २२ टक्के मूळ दराने प्राप्तिकर भरण्याचा पर्याय त्याने दिला. अधिभार आणि उपकर धरून हा दर २५.१६८ टक्के होतो. मोठ्या कंपन्यांसाठी जुना दर ३० टक्के, म्हणजे अधिभार-उपकरासह ३४.९४४ टक्के होता. या निर्णयामुळे वर्षाला १ लाख ४५ हजार कोटी रुपयांचा महसूल सोडावा लागेल, असा सरकारचाच त्या वेळचा अंदाज होता. पर्याय ऐच्छिक होता, पण तो घेणाऱ्या कंपनीला बऱ्याच वजावटी सोडाव्या लागणार होत्या आणि एकदा घेतला की मागे फिरता येणार नव्हते. त्यामुळे अनेक कंपन्यांनी गणिते मांडून, सवडीने निर्णय घेतला. ओएनजीसीच्या निर्णयाचा परिणाम २०२१ च्या सप्टेंबर तिमाहीत दिसला.

हा परिणाम कसा होतो? समजा, दोन वह्यांतील साचलेला फरक १०० कोटी रुपयांचा आहे. जुन्या दराने त्यावर भविष्यात ३४ कोटी ९४ लाख रुपये कर भरावा लागणार, म्हणून तेवढे दायित्व पुस्तकात होते. नव्या दराने ते २५ कोटी १७ लाख उरते. उरलेले ९ कोटी ७७ लाख रुपये कोणाचेच देणे राहात नाही आणि लेखामानकानुसार ते त्या तिमाहीच्या नफ्यात जमा होते. अनेक दशके साचलेल्या फरकाला हाच हिशेब लावला, की साडेआठ हजार कोटींचा उलगडा होतो.

‘हा तर केवळ कागदोपत्री नफा’ असे म्हणून तो बाजूला सारण्याची रीत आहे. रोकड त्या दिवशी आली नाही, या अर्थाने ते बरोबर आहे. पण हे दायित्व म्हणजे सरकारी तिजोरीत पुढेमागे येऊ घातलेला कर होता. कंपनीच्या पुस्तकातील लाभ आणि तिजोरीच्या भावी जमेतील घट या एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. तिजोरीला अशा नोंदी ठेवाव्या लागत नाहीत, म्हणून घट कोठे छापून येत नाही, एवढाच काय तो फरक.

महाराष्ट्राचा वाटा कोठे जातो?

ओएनजीसीत केंद्र सरकारचा हिस्सा सुमारे ५९ टक्के आहे. तेव्हा सरकारने कर कमी घेतला काय आणि लाभांश अधिक घेतला काय, पैसा एका खिशातून दुसऱ्या खिशातच गेला, असा युक्तिवाद केला जातो. तो अर्धाच खरा आहे. एक तर वाचलेल्या करातील सुमारे ४१ टक्के लाभ इतर भागधारकांचा असतो. आणि दुसरे, सरकारचे हे दोन खिसे सारखे नाहीत.

कंपन्यांवरील प्राप्तिकर केंद्र आणि राज्ये यांच्यात वाटल्या जाणाऱ्या निधीत जमा होतो. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी त्यातील ४१ टक्के वाटा राज्यांना दिला आणि राज्यांच्या त्या वाट्यात महाराष्ट्राचा हिस्सा ६.३१७ टक्के ठरवला. लाभांश मात्र केंद्राचे करेतर उत्पन्न असल्याने त्यातील छदामही राज्यांना मिळत नाही. अधिभार आणि उपकरही वाटपाबाहेर राहतात. करपात्र नफा १०० कोटी रुपये धरला, तर जुन्या दराने वाटपयोग्य कर ३० कोटी आणि त्यात राज्यांचा वाटा १२ कोटी ३० लाख होत असे. नव्या दराने वाटपयोग्य कर २२ कोटी आणि राज्यांचा वाटा ९ कोटी २ लाख. महाराष्ट्रापुरते पाहायचे तर ७८ लाखांच्या जागी ५७ लाख. वसुलीचा खर्च येथे धरलेला नाही.

एरवी कोणत्याही कंपनीबाबत हेच गणित लागू पडते. मग तेलाचे वेगळेपण काय? आसाम आणि गुजरात यांना त्यांच्या जमिनीखालून निघणाऱ्या तेलावर स्वामित्वधन मिळते. मुंबई हाय मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर दूर समुद्रात आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद २९७ नुसार त्या क्षेत्रातील खनिज संपत्ती केंद्राकडे असल्याने तेथील स्वामित्वधनही केंद्राकडेच जाते. नाव मुंबईचे, तेल आणि वायू उतरतो तो रायगड जिल्ह्यातील उरणला, बंदराचा आणि मासेमारीचा भार कोकण किनाऱ्यावर. पण स्वामित्वधनात राज्याला थेट वाटा नाही. कराच्या वाटपातून जे येते, तेवढेच.

जुलै २०२२ मध्ये तेलाचे दर भडकले, तेव्हा केंद्राने देशांतर्गत कच्च्या तेलावर टनामागे २३ हजार २५० रुपयांचा विशेष अतिरिक्त उत्पादन शुल्क बसवला. लोकांच्या तोंडी तो ‘विंडफॉल टॅक्स’ म्हणून रुळला आणि दर वरखाली होत डिसेंबर २०२४ मध्ये तो रद्द झाला. नावावरून तो नफ्यावरील कर वाटला, तरी स्वरूपाने तो उत्पादनावरील आकारणी होता. कंपनीच्या हिशेबात तो खर्च म्हणून आधी वजा होई आणि उरलेल्या नफ्यावर प्राप्तिकर लागे. तेलाच्या चढ्या भावाचा लाभ प्राप्तिकराच्या वाटेने आला असता, तर त्याच्या मूळ दराने येणाऱ्या भागात राज्यांचा वाटा ठरलेला होता. उत्पादनाच्या टप्प्यावरच असा विशेष शुल्क घेतल्याने प्राप्तिकराचा पायाच तेवढा आक्रसला.

समुद्र कोण साफ करणार?

कमी दराच्या पर्यायासाठी ज्या वजावटी सोडाव्या लागल्या, त्यात एक तेल कंपन्यांपुरतीच होती. तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. प्राप्तिकर कायद्याच्या कलम ३३एबीए नुसार, तेलक्षेत्र संपल्यावर जागा पूर्ववत करण्यासाठी कंपनीने स्टेट बँकेतील विशेष खात्यात रक्कम ठेवली, तर ती रक्कम किंवा नफ्याच्या २० टक्के, यांतील जी कमी असेल ती उत्पन्नातून वजा करता येई. १९९९ पासून ही व्यवस्था आहे. हेतू सरळ होता. विहिरीतून पैसा येत असतानाच तिच्या अखेरच्या क्रियाकर्माचा पैसा बाजूला पडावा आणि ठरलेल्या कामाखेरीज तो काढता येऊ नये. २२ टक्क्यांचा दर घेणाऱ्या कंपनीला ही वजावट मिळत नाही.

जागा पूर्ववत करण्याची जबाबदारी त्यामुळे संपत नाही. करार आणि नियम कायम आहेत, आणि लेखामानकांनुसार कंपन्या या खर्चाची तरतूद ताळेबंदात दाखवतातच. परंतु ताळेबंदातील तरतूद आणि बँकेत ठेवलेला पैसा यांत अंतर आहे. तरतूद हा आकडा असतो. कर कायद्यात साधारणपणे तो खर्च प्रत्यक्ष झाल्यावरच वजा मिळतो, आणि तेव्हा त्या क्षेत्रातून उत्पन्न येणे थांबलेले असू शकते. पैसा आधीच वेगळा ठेवण्यास कर कायदा जे उत्तेजन देत होता, ते या पर्यायात उरले नाही.

हा प्रश्न दूरच्या भविष्यातला नाही. मुंबईच्या वायव्येला समुद्रात असलेल्या मध्य आणि दक्षिण ताप्ती वायुक्षेत्रातील पाच विहीर-फलाट हटवून ३८ विहिरी कायमच्या बुजवण्याचे काम शेल, रिलायन्स आणि ओएनजीसी यांच्या संयुक्त उपक्रमाने पूर्ण केल्याचे २०२४ च्या अखेरीस जाहीर झाले. समुद्रातील अशा प्रकारचे हे देशातील पहिलेच काम. मुंबई हायला उत्पादन सुरू होऊन अर्धशतक होत आले आहे आणि तेथील फलाट व विहिरी ताप्तीच्या तुलनेत कितीतरी अधिक आहेत. एक दिवस तेही उतरवावे लागतील. त्या वेळी पैसा कमी पडला, तर सरकारी कंपनीच्या बाबतीत तो शेवटी करदात्याच्याच खिशातून येणार.

शब्दांवरून लढाया

कराची वेळ जशी संदिग्ध, तशी त्याची व्याप्तीही. तेलक्षेत्रातील करवाद कित्येकदा एकेका शब्दावर अडून बसतात. ‘खनिज तेल’ या शब्दात नैसर्गिक वायू येतो की नाही, हा त्यांतील गाजलेला वाद. खनिज तेलाचे व्यापारी उत्पादन करणाऱ्यांना सात वर्षे करसवलत होती. २००९ च्या अर्थसंकल्पात ती वायूसाठी स्पष्टपणे दिली गेली, पण आठव्या फेरीत परवाने मिळालेल्या क्षेत्रांपुरती. आधीच्या कंपन्यांना प्रश्न पडला, की मग आपल्याला ती नव्हती काय? गुजरात उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये निको रिसोर्सेसच्या प्रकरणात खनिज तेलात वायूचा समावेश होतो, असा निर्वाळा दिला.

त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ओएनजीसीच्या अपिलात दुसरा गुंता सोडवला. खोदाईसाठी सेवा देणाऱ्या परदेशी कंपन्यांच्या एकूण मोबदल्याच्या १० टक्के रक्कम हा त्यांचा नफा मानून कर घ्यायचा, की ती तांत्रिक सेवेची फी समजून अधिक जड आकारणी करायची, हा प्रश्न होता. सेवेचा मुख्य हेतू तेल काढणे हा असेल, तर पहिलाच नियम लागू, असे न्यायालयाने म्हटले. हे वाद निकालात निघायला दहा-दहा वर्षे लागतात. तोवर ती रक्कम ताळेबंदाच्या टिपांत ‘आकस्मिक दायित्व’ या मथळ्याखाली पडून राहते. नफ्यातून वजा होत नाही. कधी तरी कंपनीला हार दिसू लागते आणि ती एका तिमाहीत सारी तरतूद करून मोकळी होते. मे २०२३ च्या निकालात स्वामित्वधनावरील कराबाबत तेच घडले.

वाचकाने काय पाहावे?

म्युच्युअल फंडातून, विम्याच्या हप्त्यातून किंवा भविष्य निर्वाह निधीतून पुण्यातील नोकरदारांचा पैसा अप्रत्यक्षपणे तेल कंपन्यांत गुंतलेला असतो. करदाते म्हणून तर सारेच त्यांचे भागीदार आहेत. निकालाच्या बातमीतील अखेरच्या आकड्यावर विसंबण्यापेक्षा वार्षिक अहवालात तीन ठिकाणी नजर टाकली, तरी चित्र बरेच स्पष्ट होते. रोख प्रवाहाच्या पत्रकात ‘भरलेला प्राप्तिकर’ अशी ओळ असते. तिजोरीत त्या वर्षी खरोखर किती गेले, ते ती सांगते. करविषयक टिपेत करपूर्व नफ्यावर कायद्याच्या दराने होणारा कर आणि प्रत्यक्ष दाखवलेला कर यांचा मेळ घातलेला असतो. फरक कशामुळे पडला, ते तेथे ओळीओळीने कळते. आणि आकस्मिक दायित्वांची टीप उद्याचे धक्के आजच दाखवून ठेवते.

सरकारी तेल कंपन्यांबाबत अपेक्षा याहून अधिक असायला हवी. कर, लाभांश, स्वामित्वधन आणि उपकर मिळून केंद्राला दरवर्षी किती रोख दिले आणि त्यातील किती रक्कम राज्यांशी वाटून घेण्याजोगी होती, याचा एकपानी तक्ता प्रसिद्ध करणे या कंपन्यांना अवघड नाही. सारे आकडे त्यांच्याकडे असतातच. तेलक्षेत्रे पूर्ववत करण्यासाठी केलेली तरतूद किती आणि त्यापैकी वेगळ्या खात्यात ठेवलेली रोकड किती, हेही त्याच पानावर शेजारी-शेजारी मांडता येईल.

स्वस्त कराचा निर्णय योग्य होता की अयोग्य, यावर मतभेद असू शकतात. गुंतवणूक वाढते, वाद कमी होतात आणि वजावटींचे जंजाळ सुटते, ही त्याच्या समर्थकांची भूमिका दुर्लक्षिण्यासारखी नाही. मात्र कोणी काय सोडले आणि कोणाला काय मिळाले, याचा हिशेब लोकांसमोर यायला हवा. वायूवरील कर साडेतेरावरून तीन टक्क्यांवर आला, तेव्हा राज्याने किती महसूल सोडला याची चर्चा विधिमंडळात आणि वर्तमानपत्रांत झाली. मुंबई हायच्या नफ्यावरील कराच्या मूळ दरात आठ टक्के-बिंदूंची घट झाली, तेव्हा महाराष्ट्राच्या वाट्याचे काय झाले, हे विधिमंडळात कोणीतरी विचारण्याची गरज आहे.